आवाज पोचत नाही तेव्हा : सीबी रेडिओची पॉवर आणि मॉड्युलेशन कसं तपासावं

मागच्या हिवाळ्यात माझे एक स्नेही त्यांचा सीबी रेडिओ पिशवीत घालून माझ्याकडे आले. पेनसिल्व्हेनियातून जाणाऱ्या इंटरस्टेट ८० वर ते ट्रक चालवतात. तक्रार एका वाक्याची होती, "मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कोणालाच जात नाही." आधी एका दुकानात दाखवून झालं होतं. तिथे झाकण उघडून आतले चार-पाच स्क्रू फिरवले, 'पॉवर वाढवून दिली' म्हणून पैसे घेतले आणि सेट परत दिला. आवाज जात नव्हता तो नव्हताच.

मी सेट टेबलावर ठेवला, अँटेनाच्या जागी डमी लोड जोडला आणि माइकचं बटण दाबलं. वॅटमीटरचा काटा ६ वर जाऊन थांबला. बोलू लागलो, तर काटा जागचा हलेना. मग माइकची गुंडाळीची वायर प्लगच्या तोंडाशी जिथे वाकते तिथे अंगठ्याने दाबून धरली आणि पुन्हा बोललो. काट्याने लगेच उसळी घेतली. आवाजाची बारीक तार आत तुटली होती, वरचं रबर तिला नुसतं धरून होतं. बटणाची तार शाबूत असल्यामुळे सेट इमानेइतबारे प्रक्षेपण करत होता, पण मुका. दोन इंच वायर कापून प्लगला नव्याने डाग दिले आणि काम झालं. ते स्क्रू जागेवर आणायला मात्र त्याहून दुप्पट वेळ लागला.

बर्फात, धुक्यात, पुढे गाड्या एकमेकींवर आदळलेल्या असताना मागच्या ट्रकला सावध करायला आजही हे छोटं यंत्र उपयोगी पडतं. त्या क्षणी आपला आवाज पोचतोय की नाही, हा जिवाचा प्रश्न असतो. म्हणून हा लेख. अमेरिकेत ट्रक, आरव्ही किंवा जीप चालवणाऱ्या मराठी मंडळींना आणि रेडिओच्या छंदामुळे जुना सेट बाळगणाऱ्यांना तो हाताशी ठेवता यावा अशा बेताने लिहिला आहे. सांगायचं मुख्य एवढंच आहे : काटा वॅट मोजतो, समोरचा माणूस शब्द ऐकतो. दोन्ही वेगवेगळे तपासा आणि बाहेरून आत जा. झाकण शेवटी.

गाडी आणि माल

अमेरिकेत सीबीला, म्हणजे सिटिझन्स बँडला, ४० चॅनल आहेत, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत. एएमवर कायद्याने ४ वॅटचा कॅरियर चालतो, सिंगल साइडबँडवर म्हणजे एसएसबीवर १२ वॅट शिखर पॉवर. २०२१ पासून एफएमलाही परवानगी मिळाली आहे.

एएममधला कॅरियर म्हणजे रिकामी मालगाडी. बटण दाबून गप्प बसलात तरी ती धावत असते. आपला आवाज हा तिच्यात भरलेला माल, आणि तो भरण्याची क्रिया म्हणजे मॉड्युलेशन. माल पूर्ण भरला, म्हणजे मॉड्युलेशन १०० टक्के झालं, की ४ वॅटच्या कॅरियरची पॉवर बोलण्याच्या शिखरावर क्षणभर १६ वॅटला पोचते. माल अर्धाच भरला तर गाडी तीच, पण पोचणारा आवाज क्षीण.

इथे एक हिशोब मनात पक्का करून ठेवा. पॉवर ४ वॅटवरून २ वॅटवर आली, तर ऐकणाऱ्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम अर्ध्या घराचा फरक पडतो, कारण मीटरचं एक घर म्हणजे ढोबळमानाने चौपट पॉवर. पण मॉड्युलेशन १०० वरून २५ टक्क्यांवर घसरलं, तर आवाज वाहून नेणारी ताकद सोळाव्या हिश्शावर येते. गंमत अशी की तुमच्या मीटरवर कॅरियर तेव्हाही ४ वॅटच दिसतो. 'कोणाला ऐकू जात नाही' या तक्रारीवर वॅट वाढवणं हा इलाज का नव्हे, ते यावरून कळेल.

उलट वॅट वाढवल्याने आवाज बिघडतो. सेटमधला ऑडिओ अँप्लिफायर ४ वॅटचा कॅरियर भरण्यापुरताच बांधलेला असतो. कॅरियर ६ वॅट केला, तर पूर्ण मॉड्युलेशनसाठी शिखराला २४ वॅट लागतील. ते तो आणणार कुठून? गाडी मोठी केली, माल तेवढाच राहिला.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, वॅट आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत फिरते याचं माप) दोन्ही दाखवणारा मीटर, दोन्ही टोकांना प्लग असलेली हातभर कोअ‍ॅक्स केबल, आणि डमी लोड. डमी लोड म्हणजे अँटेनाची बतावणी करणारा ५० ओहमचा रेझिस्टर. तो पॉवर हवेत न सोडता उष्णतेत जिरवतो, त्यामुळे चाचणी करताना चॅनलवर कोणाला त्रास होत नाही. घरी करायचा झाला तर २०० ओहमचे, ३ वॅटचे चार मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा आणि त्यांचे पाय होता होईल तितके आखूड ठेवा. एएमच्या थोड्या वेळच्या चाचणीला तेवढं पुरतं. पांढरे सिमेंटचे रेझिस्टर मात्र वापरू नका. त्यांच्या पोटात तारेची गुंडाळी असते, ती या फ्रीक्वेन्सीवर कॉइलसारखी वागते आणि सगळी मापं चुकवते.

शक्य असेल तर दुसरा सीबी सेट आणि एक मित्र. आवाजाचा दर्जा कानानेच कळतो. फक्त दोन सेट एकाच खोलीत ठेवून निकाल देऊ नका. इतक्या जवळून ऐकणाऱ्या सेटला सिग्नल झेपत नाही आणि चांगला आवाजही फाटका वाटतो. मित्राला शंभर-दोनशे मीटर लांब उभं करा. बोलणं रिकाम्या चॅनलवर करा. चॅनल ९ संकटकाळासाठी राखून ठेवलेला आहे, तिथे चाचणी नको.

पहिला टप्पा : वीज

सेटवर 'बारा व्होल्ट' म्हणत असले तरी त्याची मापं १३.८ व्होल्टवर धरलेली असतात, कारण इंजिन चालू असताना गाडीत साधारण तेवढे व्होल्ट मिळतात. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १३.८ ला ४ वॅट देणारा सेट ११ व्होल्टवर जेमतेम अडीच वॅट देईल आणि मोठ्याने बोललात की आवाज फाटेल.

व्होल्टेज बॅटरीवर मोजून भागत नाही. ते सेटच्या पाठीमागे, वायर जिथे आत शिरते तिथे मोजा, आणि तेही बटण दाबून. आधी ऐकण्याच्या स्थितीतला आकडा बघा, मग प्रक्षेपण करताना तो किती पडतो ते बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसलेला प्लग हा नेहमीचा गुन्हेगार. त्यानंतर फ्यूजच्या डबीतल्या गंजलेल्या पट्ट्या, आणि मग पत्र्याला रंगावरूनच आवळलेली अर्थची वायर. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर ती आवळा. लाल आणि काळी दोन्ही वायर थेट बॅटरीवर नेणं सगळ्यांत उत्तम. तसं केल्यावर प्रक्षेपणात घुसणारी अल्टरनेटरची शिट्टी, म्हणजे इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा सूर, बरेचदा आपोआप जातो.

फ्यूज साधारण २ किंवा ३ अँपिअरचा असतो. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा घालू नका, चांदी गुंडाळण्याचा तर विचारही नको. कधीतरी वायर उलटी जोडली गेली असेल तर सेटच्या तोंडाशी असलेला रक्षक डायोड शॉर्ट झालेला असतो. स्वतःचा बळी देऊन त्याने बाकीचा सेट वाचवलेला असतो. तो बदलला की सेट पुन्हा उभा राहतो.

दुसरा टप्पा : डमी लोडची साक्ष

आता सेट, मग मीटर, मग डमी लोड अशी जोडणी करा. एएमवर बटण दाबून गप्प राहा. साडेतीन ते चार वॅट मिळाले तर समजा की सेटची पॉवर ठीक आहे आणि दोष अँटेनाच्या बाजूला आहे, नाहीतर आवाजाच्या. इथेही काटा पडूनच राहिला तर दोष सेटमध्ये. या एका जोडणीने अर्धं रान मोकळं होतं. झाकण उघडायच्या आधी ही साक्ष घेतलीच पाहिजे.

एसएसबी असलेल्या सेटवर एक गैरसमज नेहमी होतो. बटण दाबलं, काटा शून्यावर, म्हणून सेट मेला असं मालक ठरवतो. एसएसबीत कॅरियरच नसतो, त्यामुळे गप्प असताना शून्य दिसणं हेच बरोबर. माइकमध्ये एक लांब शिट्टी घाला, काटा उठेल. एफएमवर याच्या नेमकं उलट, बोला किंवा गप्प राहा, काटा एका जागी स्थिर. तेही बरोबरच.

तिसरा टप्पा : अँटेना आणि केबल

डमी लोडवर पॉवर नीट आहे पण गाडीत जोडल्यावर बिघडते, तर आता एसडब्ल्यूआर पाहायचा. गाडी मोकळ्या जागेत, भिंती आणि झाडांपासून लांब उभी करा, दारं लावून घ्या. चॅनल १, २० आणि ४० वर माप घ्या. १.५ पर्यंत उत्तम, तेव्हा जेमतेम ४ टक्के पॉवर परत फिरते. २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. ३ च्या वर असेल तर बटण दाबणं थांबवा, नाहीतर आउटपुटचा ट्रान्झिस्टर जाईल. अँटेना न जोडता तर कधीच बटण दाबू नका.

तीन आकडे पुष्कळ काही बोलतात. ४० वर जास्त आणि १ वर कमी, तर अँटेना लांब आहे, थोडा आखूड करा. १ वर जास्त आणि ४० वर कमी, तर आखूड आहे, लांब करा. एका वेळी काही मिलिमीटरच बदला आणि तिन्ही मापं पुन्हा घ्या. तिन्ही चॅनलवर आकडा सारखाच भडकलेला असेल तर लांबीशी खेळण्यात अर्थ नाही. तिथे केबल तुटलेली किंवा शॉर्ट असते, नाहीतर अँटेनाच्या बुडाला पत्र्याचा आधार मिळत नसतो.

हा आधार म्हणजे अँटेनाचा दुसरा अर्धा भाग. सीबीच्या लहरीची पाव लांबी सुमारे पावणेतीन मीटर भरते, आणि तेवढ्याच तोलाचं काहीतरी खाली लागतं. चुंबकी अँटेना टपाच्या मध्यभागी चांगला चालतो, कडेला तोच कुरकुरतो. फायबरग्लासच्या आरव्हीत आधार मिळतच नाही, तिथे आधाराशिवाय चालणारा खास अँटेनाच घ्यावा. ट्रकच्या आरशाच्या दांड्यावर बसवलेल्या अँटेनाला दांड्यापासून चॅसीपर्यंत जाड, विणलेली अर्थची पट्टी टाका.

दोन आरशांवर दोन अँटेना असतील तर केबलकडे खास लक्ष द्या. तिथे ७५ ओहमची आरजी-५९ केबल असते, प्रत्येक बाजूला साधारण १८ फूट. ७५ ओहमच्या केबलची ही लांबी ५० ओहमच्या अँटेनाला सुमारे ११२ ओहम दाखवते. असे दोन समांतर जोडले की ५६ ओहम होतात, म्हणजे सेटला हव्या असलेल्या ५० च्या जवळ. एखाद्याने 'सीबीला ५० ओहमचीच केबल लागते' म्हणून इथे आरजी-५८ घातली, तर सगळा तोल जातो.

केबल तपासताना दोन्ही टोकं सोडवा. मधल्या तारेपासून मधल्या तारेपर्यंत मल्टिमीटरची शिट्टी वाजली पाहिजे, मधली तार आणि जाळी यांच्यात वाजता कामा नये. केबल हलवत, वाकवत हे करा. प्लगपाशी जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तारेला टेकलेला असला तरी सगळी पॉवर तिथेच संपते. केबलचं टोक सोलून पाहा. आतलं तांबं लालसर चकचकीत नसून काळं-हिरवं पडलं असेल तर पाणी शिरलंय. अशी केबल दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. आणि एक सावधगिरी : काही अँटेनांच्या बुडात कॉइल असते. त्यामुळे अँटेना जोडलेला असताना मल्टिमीटर शॉर्ट दाखवतो, तो दोष नव्हे. म्हणूनच टोकं सोडवायची.

चौथा टप्पा : बोलताना काटा काय करतो

पुन्हा डमी लोडवर या. एएमवर बटण दाबा आणि माइकमध्ये लांब 'हाऽऽलो' म्हणा. काटा थोडा वर सरकला पाहिजे. साधा मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे बोलताना १६ वॅट दिसतील ही अपेक्षा ठेवू नका. अखंड शिट्टीने पूर्ण मॉड्युलेशन झालं तरी सरासरी दीडपट म्हणजे ६ वॅटच होते, आणि बोलण्यात त्याहून कमी. शिखर पाहायचं असेल तर पीईपी मोजणारा मीटर लागतो.

काटा हललाच नाही, तर मॉड्युलेशन नाही. माइककडे जा.

काटा हलतो पण अगदी किंचित, तर मॉड्युलेशन कमी आहे. पुढच्या पट्टीवरचं माइक गेनचं बटण आधी पाहा. काही सेटवर त्याला 'डायनामाइक' म्हणतात, आणि कपड्याला, गुडघ्याला लागून ते कधी शून्यावर येतं ते कळतही नाही.

काटा बोलताना खाली पडतो, तर नीट लक्ष द्या. आवाजाच्या जोराला पॉवर वाढायच्या ऐवजी सेट धापा टाकतोय. कारणं क्रमाने अशी : बोलताना व्होल्टेज पडणं, माइकचा गेन बेसुमार असणं, आउटपुटच्या कॉइल जागेवरून हललेल्या असणं, ड्रायव्हर किंवा आउटपुटचा ट्रान्झिस्टर दमलेला असणं. डमी लोडवर काटा वर जातो आणि अँटेनावर खाली पडतो, असं असेल तर तिसऱ्या टप्प्यात परत जा.

पाचवा टप्पा : माइक आणि त्याची वायर

माझ्या टेबलावर येणाऱ्या मॉड्युलेशनच्या तक्रारींत सर्वांत जास्त माइकच्या वायरच्या असतात. दिवसातून शेकडो वेळा ती ओढली जाते, दारात अडकते, उन्हात भाजते. ती तुटते दोनच ठिकाणी, प्लगच्या तोंडाशी आणि माइकच्या बुडाशी. बटण दाबून बोलत राहा आणि दोन्ही ठिकाणी वायर हलवा. काटा थरथरला की जागा सापडली.

तुमच्या सेटला चालेल असा दुसरा माइक मिळाला तर एका मिनिटात निकाल लागतो. पण चार पिनांचा प्लग बसला म्हणजे माइक चालेलच असं नाही. पुष्कळ सेटमध्ये १ नंबरची पिन अर्थ, २ आवाज, ३ प्रक्षेपण आणि ४ ऐकणं अशी मांडणी असते, तरी कंपनीगणिक ती बदलते. नकाशा बघूनच जोडा. याच मांडणीमुळे माइक काढल्यावर पुष्कळ सेटचा स्पीकर गप्प होतो. तो बिघाड नाही. चौथ्या पिनचा रस्ता माइकच्या बटणातून जातो, एवढंच. हे बटण घासून गेलं की मात्र कधी ऐकू येतं, कधी येत नाही.

माइक उघडल्यावर आतला घटक डायनॅमिक असेल, तर ओहमवर ठेवलेल्या मल्टिमीटरच्या टोकांनी त्याला शिवा. काहीशे ओहम दिसतील आणि त्यातून बारीक 'टिक' ऐकू येईल. टिक आली म्हणजे घटक जिवंत आहे. इलेक्ट्रेट घटकाला सेटकडून थोडे व्होल्ट मिळावे लागतात, तो या चाचणीला दाद देत नाही. पॉवर माइक असेल तर त्यातली बॅटरी आधी बदला.

आता बोलण्याची रीत. आवाज गाळणाऱ्या, म्हणजे नॉइझ कॅन्सलिंग माइकला पाठीमागेही भोकं असतात. दोन्हीकडून सारखा आलेला आवाज तो गोंगाट समजून टाकून देतो. माइक ओठांपासून वीतभर लांब धरला तर तुमचा आवाजही गोंगाटात जमा होतो, आणि मुठीत धरून मागची भोकं झाकली तर गोंगाटही आत येतो. असा माइक ओठांशी, दोन बोटांच्या अंतरावर धरा आणि नेहमीच्या आवाजात बोला. सेट दुरुस्तीला द्यायच्या आधी एवढं करून पाहा.

लक्षणांची सांगड

बहुतेक एएम सेटमध्ये ऑडिओची एकच आयसी दोन कामं करते. ऐकताना ती स्पीकर हलवते, बोलताना मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरमधून आउटपुटच्या ट्रान्झिस्टरला जाणारी वीज आवाजाच्या तालावर कमी-जास्त करते. हे लक्षात ठेवलं की झाकण न उघडताही बरंच कळतं.

• स्पीकरचा आवाज स्वच्छ, मॉड्युलेशन शून्य : आयसी ठीक आहे. माइक, त्याची वायर, माइकचा पहिला अँप्लिफायर.

• स्पीकरचा आवाजही फाटका आणि मॉड्युलेशनही : ऑडिओ आयसी किंवा तिच्या भोवतालचे कपॅसिटर. जुन्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक वाळून गेलेले असतात, तेव्हा आवाजात घरघर येते.

• ऐकणंही क्षीण, पॉवरही क्षीण : दोघांचा सामाईक रस्ता, म्हणजे अँटेना, केबल, मागचं सॉकेट.

• ऐकणं उत्तम, कॅरियर अजिबात नाही : बटण दाबल्यावर प्रक्षेपणाचा दिवा लागतो का? लागत नसेल तर माइकचं बटण. लागत असेल तर ड्रायव्हर, आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा त्यांची वीज. ही वीज ट्रान्सफॉर्मरमधूनच येत असल्याने त्याची गुंडाळी तुटली तरी कॅरियर बंद पडतो.

• सुरुवातीला पॉवर चांगली, दहा मिनिटांनी घसरते : ट्रान्झिस्टरची उष्णता पत्र्यात उतरत नाही, किंवा कुठेतरी डाग सुटलाय आणि तापल्यावर तो अंतर देतोय.

सेटला पीएची, म्हणजे बाहेरच्या लाउडस्पीकरवर बोलण्याची, सोय असेल तर आणखी एक सोपी परीक्षा घेता येते. पीएच्या जॅकला स्पीकर जोडा आणि माइकमध्ये बोला. आवाज मोठा आणि स्वच्छ आला तर माइकपासून ऑडिओ आयसीपर्यंत सगळं ठीक आहे. दोष त्याच्या पुढे शोधा.

झाकण उघडायचंच झालं तर

ज्याला सर्किटचा नकाशा वाचता येतो आणि डाग देण्याचा सराव आहे त्यानेच उघडावं. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. मागच्या अँटेना सॉकेटचे डाग, माइक सॉकेटचे डाग, आउटपुट ट्रान्झिस्टरचे पाय. धक्के आणि उष्णता यांना तोंड देणाऱ्या या तीन जागा. डागाभोवती केसासारखी गोल भेग दिसली तर ताजा डाग द्या. अर्धे सेट इथेच बरे होतात.

आउटपुटला जुन्या सेटमध्ये २एससी१९६९, २एससी२०७८ असे ट्रान्झिस्टर असतात, अलीकडच्या काहींत आयआरएफ५२० सारखे मॉसफेट. एकाच्या जागी दुसरा तसाच ठोकून चालत नाही, बायस बदलावा लागतो. जुन्या नंबरांचे नकली ट्रान्झिस्टर बाजारात खूप आहेत, म्हणून ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. बसवताना खालची अभ्रकाची चकती आणि उष्णतेचा लेप विसरू नका.

दोन कामं मात्र करू नका. पहिलं, मीटर न लावता कॉइलचे गाभे फिरवणं. त्यांचा मेणाचा शिक्का मोडला की कारखान्यातली मापं गेली, आणि गाभा ठिसूळ असतो, साध्या पेचकसाने तडकतो. दुसरं, मॉड्युलेशनला वेसण घालणाऱ्या एएमसी सर्किटचा घटक कापून टाकणं. 'लिमिटर काढला की आवाज दणकेबाज होतो' असं कोणी सांगेल. होतं असं की १०० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर कॅरियर क्षणाक्षणाला तुटतो, शब्द फाटतात आणि तुमची खरखर शेजारच्या चॅनलवर सांडते. तिथे कोणीतरी मदत मागत असेल. अमेरिकेत १०० टक्क्यांची मर्यादा नियमातच आहे, आणि पॉवर वाढवणारा लिनियर अँप्लिफायर सीबीवर बेकायदा आहे.

सेट भारतात नेणार असाल तर

इथला सेट गावी न्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, ५ वॅटपर्यंतच्या आणि अंगभूत अँटेना असलेल्या साधनांना परवान्यातून सूट आहे. अमेरिकी सेटचे चॅनल २८ ते ४० या पट्ट्याबाहेर पडतात, आणि गाडीच्या सेटचा अँटेना अंगभूत नसतो. त्यामुळे हा सेट तिथे त्या सवलतीत बसत नाही. दुसरी गोष्ट विजेची : भारतातल्या मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा सेट तिला थेट जोडलात तर बटण दाबायच्या आधीच तो जाईल.

चांगल्या दिवसाची नोंद

सेट ठणठणीत असेल त्या दिवशी अर्धा तास काढा. बटण दाबल्यावरचे व्होल्ट, डमी लोडवरचे वॅट, बोलताना काटा कुठपर्यंत जातो, आणि चॅनल १, २०, ४० चा एसडब्ल्यूआर, हे सगळं तारखेसकट एका चिठ्ठीवर लिहा आणि ती सेटच्या बुडाला चिकटवा. पुढे कधी 'आवाज जात नाही' असं वाटलं तर पुन्हा हेच आकडे घ्या आणि ताडून पाहा. जो आकडा बदलला, तिथे दोष. एकही बदलला नसेल तर सेटला हात लावू नका. सूर्यावर हालचाल वाढली की या पट्ट्यावर हजारो किलोमीटरवरचे आवाज उतरतात आणि जवळचे त्यात बुडून जातात. संध्याकाळ झाली की बहुधा ते ओसरतं.

माझ्या स्नेह्यांच्या सेटखाली अशी चिठ्ठी आहे. माइकच्या वायरला प्लगपाशी आधार म्हणून त्यांनी एक स्प्रिंग बसवून घेतली आहे. परवा त्यांचा फोन आला होता. क्लिअरफील्डच्या पुढच्या चढावर धुकं होतं, एक गाडी आडवी झाली होती, आणि ते ट्रकवाल्यांच्या चॅनल १९ वर मागच्यांना ओरडून सांगत होते. मी विचारलं, ऐकू गेलं का? ते म्हणाले, "मागचे तिन्ही ट्रक थांबले." कॅरियर होता चारच वॅटचा.